चिखलात पाय टाकण्याआधी

धनवंताच्या हाताला वेग होता. ती धानाच्या रोवणीला बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, उतरली की तिच्यासमोरचा चिखल बघता बघता हिरवा व्हायचा. नवेगाव बांधच्या बायांमध्ये हे सांगावं लागत नसे.

तिची टोळी गुत्त्यानं, अख्खं काम अंगावर घेऊन, रोवणी करायची. शेतमालकानं बांधी दाखवायची, बायांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून दर ठरवायचा. दर ठरेपर्यंत एकही पाय चिखलात पडायचा नाही. ठरला की मग कोणी मान वर करायची नाही. रोवणी लवकर आटोपली तर बाया लवकर घरी. उरलेली दुपार त्यांची.

तलावाजवळ नवं रिसॉर्ट झालं तेव्हा धनवंताला तिथं साफसफाईची नोकरी लागली. महिन्याचा पगार, निळी साडी, छातीवर नावाची पट्टी. पहिल्या दिवशी तिनं वाट्याच्या खोल्या झाडल्या, न्हाणीघरं घासली, चादरी ताणून बसवल्या. मोहाच्या झाडाखाली बसून डबा खाल्ला आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या सकाळी मॅनेजर भुपेंद्र दारातच उभा.

"काल कुठे गायब झाल्या?"

"घरी."

"किसको पूछ के?"

"काम झालं होतं जी."

"ड्युटी पाचपर्यंत असते, धनवंताबाई!"

"मंग पाचपर्यंत काय करू? झाडलेलंच झाडू?"

कॉलेज करून काउंटर सांभाळणाऱ्या रुचीनं हसू लपवायला रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

भुपेंद्रनं त्यावर उपाय काढला. खोल्या वाढवल्या. त्याही वेळेआधी झाल्या, तेव्हा अंगण दिलं. मग स्वयंपाकघरातली भांडी. धनवंता करत गेली. हात सावकाश चालवणं तिला येतच नव्हतं. महिनाअखेरीला काउंटरच्या मागे तिचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, महिन्याची सर्वोत्तम कर्मचारी. टाळ्या झाल्या. "मेहनत करा, कंपनी बघत असते," असं भुपेंद्र म्हणाला.

पगार तेवढाच आला.

"भाजीत टाकशील का वो त्या फोटोले?" गिरजाबाईनं विचारलं. गिरजाबाई तिच्याच टोळीतली, वयानं मोठी, आता रिसॉर्टवरही तिच्यासोबत खोल्या झाडणारी. तिचे गुडघे आता धरायचे.

"तेलाची बचत होईल मावशी," धनवंता म्हणाली. दोघी खूप हसल्या.

पुढच्या महिन्यात दोन बाया काम सोडून गेल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. त्यांच्या खोल्या उरलेल्यांत वाटल्या गेल्या. गिरजाबाई मागे पडू लागली. एका सकाळी भुपेंद्रनं तिला फोटोसमोर उभं केलं.

"हिला जमतं ना? मग तुम्हाला काऊन नाही? एक तारखेपासून हिच्याएवढ्या खोल्या, नाहीतर घरी बसा."

गिरजाबाईनं बादली उचलली. धनवंताकडे बघितलंही नाही. तेच धनवंताला लागलं. आपण घाम गाळला, आणि त्याचा चाबूक झाला. तो पडला मावशीच्या पाठीवर.

ती भुपेंद्रकडे गेली. "माह्या हाताची चाल माही आहे साहेब. तिच्यानं मावशीले मोजू नका."

"कंपनीचा नियम आहे," तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला.

नाताळच्या आठवड्यात रिसॉर्ट गच्च भरलं. जुने पाहुणे सकाळी गेले, नव्यांची बस दुपारी यायची होती. सगळ्या खोल्या तशाच पडलेल्या. बाया आल्या, पण आत गेल्या नाहीत. धनवंता ओसरीच्या खालच्या पायरीवर उभी राहिली. तिच्या बाजूला गिरजाबाई, मग बाकीच्या. एका ओळीत. झाडू भिंतीला टेकलेले.

"ये क्या नाटक है?" भुपेंद्र धावत आला.

"धुऱ्यावर उभ्या आहोत जी. दर सांगा, मंग उतरतो."

"हे शेत नाही! तुमचा पगार ठरलेला आहे."

"आमच्या खोल्यांचा ठरला होता. सोडून गेलेल्या दोघींच्या खोल्यांचा कुठं ठरला? त्यांचा पगार आमच्यात वाटा. नाही त त्यांच्या खोल्या तुमी झाडा. आन मावशी आपल्या चालीनं काम करन. तिले कोणी घरी बसवायचं नाही."

"मी तुझा फोटो लावला! उसका ये इनाम?"

धनवंता आत गेली. खुर्ची ओढली, वर चढली आणि फोटो उतरवून मागोमाग आलेल्या भुपेंद्रपुढे काउंटरवर पालथा ठेवला. रुची बघतच राहिली. वर्गात तिनं अन्यायावर किती पानं लिहिली होती. असं काही तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"घ्या. मी मागतला नवता."

"कामावरून काढून टाकीन!"

"काढा. पण बस आल्यावर गादीवर चादर कोण टाकन, तेवढं सांगा."

भुपेंद्रनं बदली माणसांसाठी गोंदियाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, माणसं उद्या मिळतील. ड्रायव्हरचा फोन आला, बस जवळचं साकोलीही सोडून पुढे निघाली होती. भुपेंद्र फाटकाकडे बघू लागला.

"आज काम करा. उद्या बसून बोलू."

"उद्याचं उद्या. आजचं आज बोला. अन सगळ्यांसमोर."

कोणी हललं नाही. शेवटी तो ओसरीवर येऊन बोलला. दोघींचा पगार वाटला जाईल. गिरजाबाई राहील. आवाज इतका बारीक होता की मागची बाई ओरडली, "आयकू नाही आलं जी!" त्याला पुन्हा बोलावं लागलं.

धनवंतानं पदर खोचला. "चला वो बायांनो."

त्या दिवशी बाया बांधीत शिरल्यासारख्या खोल्यांत शिरल्या. धनवंतानं स्वतःच्या खोल्या उरकून गिरजाबाईच्या खोल्यांतल्या चादरीही ताणून बसवल्या, न सांगता. बस आली तेव्हा एकही गादी उघडी नव्हती.

पाच वाजायला बराच अवकाश होता. धनवंतानं डबा उचलला आणि गिरजाबाईला घेऊन फाटकाकडे निघाली.

"धनवंताबाई! ड्युटी!" मागून भुपेंद्र ओरडला.

"काम झालं जी," ती म्हणाली. मागे वळली नाही.