पुसून आलास की कोरून?

“कान दाखव.”

सकाळी साडेसहाला तलावाच्या काठावर हा माणूस माझ्याशी बोलायला सुरुवात करायचा ती अशी. मी मान वळवली की कानाची पाळी मागे ओढायचा, आत डोकावायचा आणि मंडईत खरबूज हुंगतात तसा चक्क नाक लावून वास घ्यायचा. मग ठरलेला प्रश्न, “पुसून आलास की कोरून?”

पुसून, म्हणून सांगायचं. कोरून आलो म्हटलं की त्या दिवशी पाणी बंद. आदल्या दिवशी नुसती खाज आली म्हणून कानात काडी फिरवली असेल तरी ह्याला कळायचं. कसं, ते मला अजून माहीत नाही.

दादरच्या एका पोहण्याच्या तलावात आम्ही लोकांना स्कूबा शिकवतो आणि पावसाळा संपला की त्यांना घेऊन मालवणच्या बाजूला समुद्रात उतरतो. सीझनमध्ये दिवसातून चार-पाच वेळा पाण्याखाली जावं लागतं. इतका वेळ ओला राहिला की कान आतून सुजतो, वाहायला लागतो आणि मग भलाभला गडी आठवडाभर गालाला हात लावून बसतो. कान हुंगणारा हा माणूस म्हणजे आमचा मुख्य प्रशिक्षक. तोंडावर आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, पाठीमागे म्हातारा. मी एकटा असताना काय म्हणायचो ते इथे लिहिता येणार नाही.

त्याच्या खिशात खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली असायची. आत व्हिनेगर आणि स्पिरिट, निम्मं निम्मं. पाण्यातून बाहेर आलं की आधी गोड्या पाण्याने कान धुवायचे, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपायचे, मग एकेका कानात पाच थेंब टाकून डोकं कलतं धरायचं. एका कानाला पाच मिनिटं, म्हणजे पाचच. हा समोर घड्याळ बघत उभा. बारा धडधाकट माणसं माना वाकड्या करून बाकावर बसलेली बघून पोहायला आलेल्या बायका टॉवेलाआड हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“दुखत्या कानात थेंब टाकायचे नाहीत,” हे तो रोज सांगायचा. रोज म्हणजे रोज. आम्ही काय बालवाडीत होतो?

बोलण्याची तऱ्हा तर विचारू नका. एक बँकेतली मुलगी शिकायला यायची. पाण्यातून बाहेर आली आणि तिने लगेच कानात ते ब्लूटूथचे इअरफोन घातले. ह्याने ते दोन्ही काढून तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, “ओल्या बाटलीला बूच लावलंत. आता आत बुरशी येईल.” ती पुन्हा आली नाही. दुसऱ्या एकाला सर्दी झाली होती आणि त्याच्या बहिणीचं लग्न आठ दिवसांवर होतं. तो बिचारा गयावया करत होता, मास्तर, आज एकदा उतरू द्या, लग्नानंतर मला सुट्टी मिळणार नाही. “लग्न तुझ्या कानात आहे का?” एवढंच उत्तर. चांगला शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तुम्ही म्हणाल, शिस्तीचा असेल. शिस्तीचे लोक मी पाहिलेत. हा खडूस होता.

आता माझं सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसणार होतो. परीक्षक बाहेरून येतो, वर्षातून एकदाच. ती झाली की स्वतःची तुकडी मिळते, नाहीतर आहेच दुसऱ्यांच्या हवेच्या टाक्या उचलणं. परीक्षेच्या नऊ दिवस आधी माझा डावा कान ठणकायला लागला. मास्तरने पाळी ओढली, बघितलं आणि म्हणाला, “आठ दिवस पाणी बंद. डॉक्टरकडे जा. आंघोळीलासुद्धा डोक्यावरून घ्यायचं नाही.”

पाचव्या दिवशी अनंत चतुर्दशी. मी काळाचौकीचा. आमच्या मंडळात पाण्यात उतरणारा म्हणून माझं नाव आहे, आणि पूजेची मूर्ती दरवर्षी माझ्याच हातात देतात. कान ठणकतोय म्हणून चौपाटीवर मी काठावर उभा राहिलो असतो तर चाळीत पुढचं वर्षभर काय ऐकून घ्यावं लागलं असतं, ते काळाचौकीत वाढलेल्यालाच कळेल. मूर्ती घेतली आणि गेलो. तीन बुड्या मारल्या, बाप्पाला खाली नीट बसवलं. वर आलो तेव्हा कानात कोणीतरी खिळा ठोकावा तशी कळ गेली.

घरी आईने लसूण घालून तेल कढवलं. मी म्हटलं, मास्तर नको म्हणतात. “तुझ्या मास्तराक काय कळता?” आई म्हणाली. “माझ्या आवशीन माझ्या कानात घातलां, मी तुझ्या घातलंय. कोण बहिरो झालो?” चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेल. ठणका थांबला. डॉक्टरकडे मी गेलोच नाही.

परीक्षेच्या दिवशी साबणाने तीनदा कान धुऊन गेलो. “कान दाखव.” दाखवला. नाक लावलं.

“लसूण.”

“मास्तर, बरा आहे कान.”

“बरा आहे तर तेल कशाला?”

परीक्षकाच्या हातातल्या यादीतलं माझं नाव त्याने सगळ्यांसमोर स्वतःच्या पेनने खोडलं. मी हात जोडले, अक्षरशः जोडले. वर्ष जाईल म्हणालो. तो म्हणाला, “कान तुझा नाही. तुझ्या मागून जो खाली उतरणार, त्याचा आहे.” आणि पुढच्याची पाळी ओढली.

रागाच्या भरात, त्याला खोटं पाडायचं म्हणून, मी त्याच दुपारी परळला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने दुर्बीण घातली आणि विचारलं, तेल कोणी घातलं? पडद्याला भोक होतं. त्या कानाने खाली गेलो असतो तर थंड पाणी आत शिरून गरगरलं असतं, वर कुठे आणि खाली कुठे कळलं नसतं, आणि मागे चार नवखी माणसं असती. हे मी मास्तरला सांगितलं नाही. का सांगायचं? पुढच्या वर्षी पास झालो तेव्हा त्याने अभिनंदन केलं नाही, मीही आभार मानले नाहीत. जीव वाचवला म्हणून माणूस आवडायलाच हवा असं नाही. मला तो आवडला नाही.

या मार्चमध्ये तो गेला. नायगावला त्याची चाळ पाडून टॉवर उभा राहिलाय, तिथे बहिणीकडे राहायचा. आंघोळ घालून खाली पार्किंगमध्ये चटईवर ठेवलं होतं. मी चप्पल काढून पाया पडायला वाकलो आणि बघतो तर दोन्ही कानांत कापूस, चांगला दाबून भरलेला.

मला काय झालं सांगता येत नाही. गुडघ्यावर बसलो, पाळी मागे ओढली आणि कापूस काढला. मग दुसऱ्या कानातला. तिरडी बांधणारे एक काका पुढे आले. “अहो, काय करताय? पद्धत असते ती.”

“मास्तरांना चालत नाही,” मी म्हटलं. त्यांची बहीण बाजूलाच बसली होती. तिने काकांना हाताने थांबवलं.

कापूस मी खिशात टाकला. नाकातला तसाच राहू दिला. नाकाबद्दल ते कधी काही बोलले नव्हते.