आपला धरून वाटे किती

अपूर्णांकाचा धडा पुस्तकात ज्यानं घातला, त्याला एकदा संध्याकाळी आमच्या घरी बोलवायला हवं. दिवसभर मी दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसते. ‘बसा जरा, नंबर आला की हाक मारते’ हे म्हणून म्हणून घसा बसलेला असतो. घरी यावं तर पावसानं कपडे वाळलेले नसतात, दोरीवरची ओली चादर तोंडाला लागते, आणि खाली फरशीवर लेक पोटावर पडून पेन्सिल चावत असते. नवऱ्याची एमआयडीसीत सेकंड शिफ्ट. म्हणजे गणित माझ्याच गळ्यात.

त्या शुक्रवारी तर मी आधीच वैतागले होते. चप्पल काढते न काढते तोच कोडोलीहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ.

“सोमवारी रजिस्टरला जायचं हाय. आधार कार्ड घेऊन ये. फोटो पण आण. आणि लवकर ये बाई, तिथं गर्दी असत्या.”

वडील जाऊन वर्ष होत आलं. शेत आई आणि दोघा भावांच्या नावावर लावायचं, त्यासाठी मी हक्कसोड द्यायची होती. म्हणजे माझा हिस्सा मला नको, असं सही करून सांगायचं. आमच्याकडं सगळ्याच बहिणी देतात. माझ्या आत्यांनी दिली, मावशीनं दिली. त्या दिवशी साडीचोळी होते, गोडाचं जेवण होतं, आणि बायका संध्याकाळच्या एसटीनं आपापल्या घरी जातात. मीही ‘बरं’ म्हटलं होतं, रजाही टाकली होती. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे सांगायला हवं. फक्त तारीख ठरल्यापासून छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं, आणि मी त्याला अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या खात होते.

“मम्मी, ह्ये बघ की. बरोबर हाय का?”

पुस्तकात एक गोल होता. त्याचे पाच भाग, त्यातला एक रंगवलेला. लेकीनं लिहिलं होतं, एक छेद चार.

“खाली किती लिहायचे असतात?” मी विचारलं.

“राहिलेले.”

“राहिलेले न्हाई गं. सगळे. रंगवलेला धरून.”

“तो मी वर लिहिला की. परत खाली कशाला लिहायचा?”

ह्याला उत्तर आहे, मला माहीत आहे. पण दिवसभर लोकांशी तोंड वाजवून आल्यावर ते उत्तर तोंडात येत नाही. मी म्हटलं, छेद म्हणजे एकूण वाटे किती, ते. तिनं मान हलवली आणि पुढच्या चित्रात परत तेच केलं. त्यात तिचा आणखी एक हट्ट असा, की एक छेद चार हा एक छेद तीनपेक्षा मोठा. का? तर चार मोठे. बाईंनी शाळेत सांगून झालं, मी सांगून झालं, पण आठवडाभर आमच्या घरात चार मोठेच.

सकाळची भाकरी शिल्लक होती. ती घेतली, चार तुकडे केले, तिच्यापुढं ठेवले. “हे बघ. ह्यातला एक तू घेतलास. तुझा किती?” तिनं खरंच एक उचलला, चटणीला लावला, तोंडात टाकला आणि म्हणाली, “एक छेद तीन. हे काय, तीनच राहिलेत.”

मग माझं डोकं फिरलं. शाळेत काय पंख्याकडं बघत बसतीस काय, बाईंनी सांगितलेलं कुठल्या कानानं ऐकतीस, एवढं साधं तुला कळत न्हाई का, सगळं बोलून घेतलं. त्यातलं अर्धं तिच्यासाठी नव्हतंच. पोरगी नाक ओढत खोडरबरानं पान घासत राहिली. कागद फाटेपर्यंत घासला. मला माझीच लाज वाटली, पण लाज वाटून भाकऱ्या होत नाहीत. मी परात ओढली आणि पीठ घेतलं.

पीठ मळता मळता मला वाट्याचं मटण आठवलं. गावाकडं चार-पाच घरं मिळून एक बोकड कापतात आणि त्याचे सारखे ढीग घालतात. प्रत्येक ढिगात थोडी कलेजी, थोडी नळी, थोडी चरबी, म्हणजे कुणी तोंड वाकडं करायला नको. हे तिनं मामाच्या गावी बघितलेलं होतं.

“हिकडं ये,” मी म्हटलं. “मामाच्या दारात वाटे घालत्यात, तू बघितलंयस न्हवं?”

“व्हय.”

“पाच घरांचं मटण हाय. मामा वाटे घालतोय. ढीग किती घालणार?”

“चार घरांना द्यायचे म्हंजे चार.”

“आणि मामा काय खाणार? रस्सा हुंगत बसणार?”

ती हसली. नाक पुसलं. “पाच मग. मामाचा धरून.”

“आता त्यातला एक ढीग उचलून मामानं घरात नेला. त्याला बोकडाचा कितवा हिस्सा मिळाला?”

तिनं वेळ घेतला. बोटं मोजली, छताकडं बघितलं. “एक छेद पाच. घरात नेला तरी तो वाटा होता की.”

“बास. एवढंच असतंय. आपला धरून मोजायचे. एक जरी सोडलास तरी सगळ्यांचं चुकतंय.”

मग मात्र तिची गाडी सुटली. गोल झाले, चौकोन झाले, खडू झाले. ‘केलो मम्मी, हे पण केलो’ म्हणत पान भरत गेली. आमच्या कोल्हापुरात पोरीसुद्धा ‘केलो’, ‘गेलो’ म्हणतात; बाहेरगावच्या माणसाला मौज वाटते. मी तव्यापाशी उभी होते. पाय इतके दुखत होते की कट्ट्याला कंबर टेकून थापत होते.

शेवटचा प्रश्न असा होता: तुमच्या घरातलं वाटणीचं एक उदाहरण तयार करा आणि सोडवा.

“आजोबांचं शेत घेऊ?” ती म्हणाली. “मगाशी तू मामाशी बोलत हुतीस ते.”

“घे.”

ती मोठ्यानं बोलत लिहू लागली. “माझ्या आजोबांचे शेत आहे. त्याचे सारखे वाटे करायचे आहेत. आजी, मोठा मामा, धाकटा मामा. एकूण तीन. म्हणून प्रत्येकाला एक छेद तीन.”

“सगळे मोजलीस? कुणी राहिलं न्हाई न्हवं?”

“मोजलो की.”

“शाब्बास,” मी म्हटलं. वाकून तिची पेन्सिल घेतली आणि पिठाच्या हातानं बरोबरची खूण केली. परत तव्याकडं वळले, भाकरीला पाणी फिरवलं, ती उलटली, आणि हात तिथंच राहिला.

तासभर मी जिच्यावर ओरडत होते, तिनं तीच चूक परत केली होती आणि मी तिला शाब्बास म्हटलं होतं. तिचं काय चुकलं? घरात जशी मोजदाद होते तशी तिनं केली. माझ्या आईनं तीनच मोजले असते. मावशीनं तीनच मोजले असते. मी तर खूणच करून बसले होते. मला राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. दादाचा नाही आला, पोरीचा तर नाहीच. सोमवारच्या सहीचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. पण इथं कुणी सही मागितली नव्हती, कुणी साडी दिली नव्हती, आणि तरी माझं मलाच मोजायचं सुचलं नव्हतं.

“खोड ते,” मी म्हटलं.

“का? तूच बरोबर दिलंस की.”

“चुकलं माझं. चार वाटे हाईत.”

“चौथं कोण?”

“मी.”

तिनं माझ्याकडं बघितलं. थट्टा करतेय की काय, असं. “तू तर हितं राहतीस.”

“हितं राहतो म्हणून मी आजोबांची पोरगी न्हवं व्हय?”

तिला ते पटलं असावं. मोठ्या माणसांना पटवायला वर्षं जातात, तिला खोडरबर शोधण्याएवढाच वेळ लागला. तीन खोडले, चार लिहिले, मग पेन्सिल गालाला लावून आकड्याकडं बघत बसली.

“मम्मी, मग मामाचं कमी झालं,” ती म्हणाली. “तिनाचं मोठं होतं. चार केले की बारकं होतंय.”

आठवडाभर जे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते असं शिरलं. मला शाब्बास म्हणवेना.

“व्हय. कमी झालं.”

“मामाला चालंल?”

मी गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले. शूर वाटणं वगैरे काही झालं नाही. उलट झोपावंसं वाटत होतं. रविवारपर्यंत थांबले असते तर मी सही करून आले असते, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून दारात जाऊन तेव्हाच दादाला फोन लावला.

“जेवलीस का?” त्यानं विचारलं. “पोरगी काय करत्या?”

“अभ्यास. दादा, मी सोमवारी येत न्हाई.”

“का? रजा मिळाली न्हाई?”

त्यानं मला किती सोपी वाट दिली होती. नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी महिनाभर निभावलं असतं.

“रजा मिळाल्या. मला सही करायची न्हाई.”

पलीकडं टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला. वहिनीनं काय झालं म्हणून विचारलेलं ऐकू आलं. दादा ओरडला असता तर मला बरं पडलं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी दर नागपंचमीला तो स्वतः गाडी घेऊन मला न्यायला येतो. पाऊस असला तरी येतो. माझ्यासाठी जादाचा रेनकोट डिकीत टाकून आणतो.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “मग पंचमीला न्यायला यायचं का न्हाई, ते पण आत्ताच सांगून टाक.”

“ये की,” मी म्हटलं. “न्हाई आलास तर माझी मी येईन. एसटी असत्याच.”

हे ऐकायला तो फोनवर होता की नाही, मला कळलं नाही.