आशा ठेवू नका

दादाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घेवडा निवडत बसले होते. फोनवर दादा एवढा ओरडून बोलतो की आमच्या घरच्या बातम्या शेजाऱ्यांनाही कळतात. त्या दिवशी मात्र हळूच म्हणाला, “शके, ये गं...” कोण, काय, कसं, मी काहीच विचारलं नाही. घेवडा तसाच टाकला आणि कराडमार्गे विट्याची एसटी धरली. आशावहिनी गेली होती. महिना होऊन गेला, तरी ‘गेली’ असं लिहवत नाही बघा. माझ्या थोरल्या भावाची ही बायको, पण आमच्यात नणंद-भावजयीचा तोरा कधी नव्हता. भांडायचो कडाकडा आणि परत एका ताटात जेवायचो.

दादा गलाईवाला. जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं, या धंद्यापायी आमच्या विट्याकडची माणसं देशभर पांगलीत. दादाचं दुकान होतं तमिळनाडूत, सेलमला. लग्न करून वहिनी तिकडं गेली तेव्हा तिला तमिळचं ओ की ठो कळत नव्हतं. इथं आई-आबांसमोर दादानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती, ‘अगं ए’वर काम भागायचं. सेलमला वडीलधारं कुणी नाही म्हटल्यावर गडी मोकळा सुटला. दुकानातून आला की जिन्याखालूनच हाळी द्यायचा, “आशा! ए आशा!” की सगळी गल्ली खिडक्यांत! घरमालकीण तोंडाला पदर लावून हसायची. शेवटी तिनंच एकदा वहिनीला जवळ बसवून खाणाखुणांनी समजावलं. तमिळमध्ये ‘आसै’ म्हणजे इच्छा, ओढ, माया. म्हणजे आमचा हा मिशाळ दादा रोज भर गल्लीत ‘ओढ लागलीय, ओढ लागलीय’ म्हणून बोंबलत होता! बिचारा लाजून चूर झाला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ‘अगं ए’ सुरू. पण वहिनी हटून बसली. “नावानं हाक मारल्याबिगार मी दार उघडायची न्हाई,” म्हणाली. आणि खरंच उघडलं नाही.

तेव्हापासून तिला नादच लागला. गावच्या यात्रेला सगळे गलाईवाले कुठून कुठून परत येतात. बायका देवळामागच्या लिंबाखाली बसायच्या आणि वहिनी एकेकीला धरून विचारायची, “तुमच्या गावात माझ्या नावाचा अर्थ काय गं?” केरळवाली म्हणाली, आमच्याकडंही इच्छाच. हुबळीची म्हणाली, “आमच्यात आसे म्हणत्यात. पण त्यात जरा हाव बी येती.” विजयवाड्याची तर फिसकन हसलीच, “आमच्याकडं आशा हाय म्हणलं की माणूस हावरट समजायचा.” कोलकात्याची म्हणाली, तिकडं आशा म्हणजे आशाच, फक्त ‘येणं’ हा त्यांचा शब्दही कानाला तस्साच लागतो. वहिनी अशी खूश! “वन्सं, बघा की, विट्यात मी नुसती वाट बघती. सेलमात माया करती. आंध्रात हावरट. आन् कलकत्त्याला गेले की आलीच म्हणून समजा!” मी शाळेत संस्कृत शिकवणारी, मग मला कुठं गप्प बसवतंय? मीही सांगितलं, की मूळ संस्कृतात आशा म्हणजे इच्छाही आणि दिशाही. तेव्हापासून मला मात्र एक चुटपुट लागून राहिली. मराठीनं या शब्दातलं वाट बघणं तेवढं ठेवलं आणि त्यातली भूक कधी काढून टाकली कोण जाणे. ‘आशाळभूत’ म्हणताना तेवढी ती अजून डोकावते, पण तिथंही आपण नाकच मुरडतो.

वहिनीचं दुखणं वाढलं तशी दोघं सेलमचं बिऱ्हाड मोडून विट्याला आली. तिला सांगलीच्या एका दवाखान्यात ठेवलं. एक दिवस तिथल्या तरुण डॉक्टरांनी दादाला दाराशी बोलावून अगदी हळुवारपणे सांगितलं, “काका, आता आशा ठेवू नका.” उभा जन्म तमिळ मुलखात काढलेला माणूस, त्यात बायकोचं नाव आशा. दादा धावतच आत आला. “ऊठ, चल! डॉक्टर म्हणलं, आशा हितं ठिवू नका. घरी न्यायची!” आणि पिशवी भरायलाच लागला. मी तिथंच बसले होते, मला खरा अर्थ लगेच कळला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीनं माझा हात दाबला. दाराजवळच तिची खाट, तिनं सगळं ऐकलं होतं. आधी हसली, हसता हसता खोकली, आणि दादा डबा धुवायला गेल्यावर म्हणाली, “वन्सं, सांगू नगा त्यास्नी. डॉक्टरांची आशा मराठीतली हाय, ती संपली आसंल. माझी तमिळ हाय. मला घरी जायाची लय आसै हाय...” मी तिला शब्द दिला आणि बाहेर जाऊन पोटभर रडले. मग डॉक्टरांना भेटले. तेही म्हणाले, न्या.

घरी आल्यावर तिनं काय काय मागावं! सेलमच्या घरमालकिणीशी फोनवर तमिळमधून गप्पा हव्यात. हिरव्या बांगड्या हव्यात. दादाकडून सांबार करवून घेतलं आणि चिंच कमी पडली म्हणून वर त्याला नावं ठेवली. दुखायचं खूप, कण्हायची, पण उजाडलं की पुन्हा काहीतरी हवं असायचं. हवं म्हणणं तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. गेली तीही स्वतःच्या घरात, दादाच्या मांडीवर डोकं ठेवून.

त्यानंतर दादानं अन्न टाकलं. ताट वाढलं की नुसता बघत बसायचा. “मीच आणली गं घरी. तिथं ठिवली आसती तर वाचली आसती...” भेटायला येणारे धीर द्यायचे, हा भिंतीकडं तोंड करायचा. अंगातला सदरा ढगळ दिसायला लागला आणि मी घाबरले. वहिनीपाठोपाठ हाही जातो की काय? वहिनीला शब्द दिला होता खरा. पण माझ्या जागी तीही गप्प बसली नसती. परवा दुपारी भाकरी-आमटीचं ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि डॉक्टर काय म्हणाले होते, त्याचा अर्थ काय होता, सगळं सांगून टाकलं.

“म्हंजे तवाच काय उरलं नव्हतं?”

“नव्हतं, दादा. तिथं ठेवली असती तरी नव्हतं.”

“तिला ठावं हुतं?”

“सगळं. तू पिशवी भरत होतास आणि ती हसत होती.”

“आन् तरी यायचं म्हणली?”

“घरी जायची लय आसै आहे म्हणाली.”

मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय असं वाटून मी जवळ सरकले, तर डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि हा हसत होता.

“मंग बरं झालं गं शके,” तो म्हणाला, “माझं मराठी कच्चं हाय ते.”

आणि ताट पुढं ओढलं.