चाळीस ओळी आणि एक लाल डाग

प्रयोगशाळेच्या संगणक विभागात तिला सगळे नाकमुरडी म्हणत, आणि खुशाल तोंडावर म्हणत. तीनदा कप धुतल्याशिवाय बाईंच्या घशाखाली चहा उतरत नसे. जेवणघरातल्या ओशट ताटल्या नुसत्या दिसल्या तरी तिला मळमळायचं.

शीतघरातल्या रक्ताच्या नमुन्यांची यादी तीन लाख ओळींची. ब्राउझरमध्ये उघडली की संगणक मान टाकायचा. नाकमुरडीने शक्कल लढवली: पडद्यावर मावतील तेवढ्या चाळीसच ओळी बनवायच्या. यादी सरकवली की वर गेलेली ओळ पुसायची, नवा मजकूर भरून खाली लावायची. चाळीस ताटल्यांत तीन लाख माणसं जेवली म्हणा ना! यादी लोण्यासारखी सरकू लागली. साहेब खूश आणि बाईंचं नाक आणखी वर.

आठवड्याने साहेबांनी शीतघर सांभाळणाऱ्या मावशीला बोलावलं. ही नाकमुरडीची सख्खी मावशी. तिनेच शब्द टाकून भाचीला इथे चिकटवलं होतं. खराब नमुन्याच्या ओळीवर लाल डाग येई, आणि तो नमुना फेकायचा असे. मावशीने अकरा चांगले नमुने फेकले होते.

"डाग होता, म्हणून फेकले."

"मूळ नोंदीत डाग नाही. संध्याकाळपर्यंत खुलासा द्या, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

मावशी तडक भाचीला शीतघरात घेऊन आली. बोटांना बिस्किटाचा ओला चुरा.

"जरा बघ ना गं."

"शी! मावशे, आधी तो हात लांब कर. असल्या चिकट बोटांनी भलतंच दाबलं असशील."

"असेल बाई. तुझी बोटं काय, देवाने उकळून पाठवलीत."

नाकमुरडीने तो कळकट माउस चिमटीत धरला आणि यादी सरकवली. खरोखर खराब नमुन्याची एक लाल ओळ वर गेली. तिच्यानंतरची चाळिसावी आली, चांगल्या नमुन्याची, तीही लाल. पुढची चाळिसावीही लाल. मावशी जिथवर पोचली होती तिथवर तिने मोजलं. अकरा.

ओळ पुसताना तिने अक्षरं पुसली होती, रंग तसाच राहिला होता. एकाचं उष्टं न धुता तीच ताटली पुढच्याला वाढली होती! नवी यादी तपासून बघताना खराब नमुन्याची एकही ओळ तिने घेतली नव्हती. घाण तिला बघवत नसे ना! आता त्या अकरा रोग्यांना पुन्हा सुया टोचायच्या. स्वतःचीच अशी किळस तिला कधी आली नव्हती.

रंग गुपचूप पुसून टाकला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"काय गं? पांढरी का पडलीस?"

"चल साहेबांकडे."

"हात धुऊन येते."

"तशीच चल," म्हणत तिने तो चिकट हात धरला.

साहेबांनी सगळं ऐकलं. "मग खुलासा तुम्ही लिहा. आणि जरा खालमानेने लिहा. मावशी, तुम्ही जा कामाला."

मावशी दारात थबकली.

"आणि माझा माउस पुसून दे हो. तू धरला होतास."