धनेशाची ढोली

दांडेलीच्या रस्त्यावर अनिकेतने गाडी थांबवली आणि तो खाली उतरला. समोरच्या झाडावर धनेश पक्षी ढोलीच्या फटीतून आतल्या मादीला फळ भरवत होता.

"बघ, काय लाड!" अनिकेत म्हणाला. "अंडी उबवायला ती स्वतःच दार लिंपून घेते."

'स्वतःच' मला टोचत राहिलं. पुण्यापासून मी शेजारच्या सीटवर बसून होते. लायसन्स पर्समध्ये होतं, पण 'मी चालवू का?' एवढं विचारवत नव्हतं. त्याने कधी नाही म्हटलंच नव्हतं. आतल्या अंधारात तिचे पंख अवघडत असतील का?

अनिकेतने सोललेलं संत्रं खिडकीतून आत धरलं. मी दार उघडून उतरले.

"किल्ली दे. मी चालवते."

"अगं, मग आधी बोलायचं ना! केव्हाची कंबर मोडलीय माझी."