सरकीच्या पोत्याशी बरोबरी

दिवाळी झाली तशी दादानं पटाची छकडी बाहेर काढली आणि मला तिच्यावर बसवलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची जोडी त्यानं पारखून आणलेली, पण वासरं होती तेव्हापासून ती मी हातानं वाढवलेली, आणि तीन वर्षं पटात तिला हाकत होतो मीच. पटात जोडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात, आणि धुरकरी हलका हवा हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी बसलो, जोडी चार पावलं चालली आणि दादानं तोंड वाकडं केलं.

"उतर खाली. बैलं पयतीन का तुले वाह्यतीन?"

माझा राग तसा नाकावरच असतो, पण दादाचं खोटं नव्हतं. लग्नाला वर्ष झालं होतं. बायको सुगरण, सासुरवाडी जऊळक्याची आणि जावयाला जेवू घालण्याची त्यांना हौस. आई तर अशी, की पोरानं ढेकर दिला तरी तिला तो भुकेचा आवाज वाटायचा. माझ्या बाराबंदीचे बंद कधीपासून एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

गेल्या हंगामात कापूस मोजून झाल्यावर गमतीनं माणसंही काट्यावर बसली होती, आणि माझं तेव्हाचं वजन दादाच्या नेमकं ध्यानात होतं. त्यानं तेवढ्या वजनाचं सरकीचं पोतं भरलं, तोंड सुतळीनं शिवलं आणि ओसरीत उभं केलं.

"माघात अनसिंगकडे पट हाय. त्याच्या आठ दिवस पयले या पोत्याच्या बरोबरीत उतरला तं बस छकडीवर. नाही तं इंझोरीचा धुरकरी आणतो."

इंझोरीचा धुरकरी म्हणजे नुसती पऱ्हाटी, कापसाची वाळकी काडी. माझी जोडी त्याच्या हातात द्यायची, या विचारानंच घास कडू लागला. घास कडू लागला, पण जेवण थांबलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मी आपल्या अकलेनं उपास धरले. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार तर होताच. उपास म्हणजे भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, वर गूळ घालून तांब्याभर दूध, आणि सोडायच्या वेळी पुन्हा पोटभर जेवण. देव इतका खूश झाला, की तीन आठवड्यांनी काट्यावर बसलो तर पोतं आधीपेक्षाही उंच गेलं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. मग मी चिडलो आणि दोन दिवस पाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी थारोळ्याशेजारी चिखलात बसलो.

दादानं मला उठवलं, पण शिव्या देतच.

"पटाच्या बैलाले उपाशी ठेवतो का आपण? रोजचा येळ तोच, माप तेच. कडबा भरपूर, सरकी पसा पाहून, वरून चालवणं. बैलाचं समजते तुले, सोताचं काहून नाही समजत?"

हे बायकोनं ऐकलं, आणि त्या दिवसापासून माझं ताट तिच्या ताब्यात गेलं. चार भाकरींच्या दोन झाल्या, पण ताटातली भाजी दुप्पट झाली. कधी हरभऱ्याचा पाला, कधी मेथी, कधी चाकवत. तुरीचं घट्ट वरण, कांदा, वाटीभर ताक. चटणीवरची तेलाची धार बंद झाली. संध्याकाळचं जेवण दिवे लागायच्या आत. वावरात जाताना बैलगाडीत बसायचं नाही, गाडीमागून चालायचं. गोडाची बंदी नव्हती, पण संक्रांतीचा तिळाचा लाडू एक म्हणजे एकच. मी मध्येच काही मागितलं की तिचा एकच सवाल असायचा.

"भूक लागली का तोंड चाळवलं? भूक असन तं सकाळची भाकर हाय, कांदा हाय. वाढू?"

मला गुळाच्या पोळीची आठवण आलेली असायची. सकाळची भाकर म्हटलं की आठवण आपोआप जायची. कधी मात्र खरंच भूक असायची, आणि तेव्हा ती कोरडी भाकर इतकी गोड लागायची, की आजवर मी भाकरीची चव घेतलीच नव्हती असं वाटायचं. उपाशी राहायचं नाही आणि उगाच खायचं नाही, एवढंच काय ते शास्त्र. पण ते माझ्या टाळक्यात शिरायला बायको लागली.

आईला मात्र हे सगळं घराण्याची बेअब्रू वाटत होतं. "पोरगं खारकीवाणी सुकून राह्यलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तोलायच्या आदल्या दिवशी घरातला वरवंटा गायब झाला, त्यामुळे बायकोचं डोकं फिरलेलं. शेजारणीवर संशय घेऊन झाला होता.

ठरल्या दिवशी दादानं तिवईला काटा टांगला. एका पारड्यात मी, एका पारड्यात पोतं. काटा हलला, डुलला आणि मधोमध उभा राहिला. दादानं माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी खोकलो. आईनं लगेच पुरणाला डाळ टाकली.

आता पोत्याचं काम संपलं, सरकी बैलांची होती. आनंदात मीच सुतळी उसवली, टोपली भरायला हात घातला आणि काहीतरी गार लागलं. वरवंटा.

मी तो आईपुढे नेऊन धरला. तिला जराही शरम नव्हती.

"मंग? वरवंटा माह्या घरचा, पोतं माह्या घरचं, पोरगं माह्या घरचं. चोरी कोणाची केली म्या?"

मी हसलो, पण लगेच हसू मावळलं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. छकडीवर मीच बसलो असतो. मी गोठ्यात गेलो, जोडीच्या मानेवरून हात फिरवला. जू जिथे टेकतं तिथली कातडी हाताला लागली. वरवंट्याचं वजन तिथेच बसणार होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणूनच धीर आला.

"दादा, काटा खोटा हाय," मी म्हणालो. "पोत्यात वरवंटा होता. म्याच टाकला."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं.

"तुले वरवंटा कुठी ठेवतात ते तरी ठावं हाय का?" तो म्हणाला, आणि इंझोरीला सांगावा धाडला.

ते आठ दिवस मी गोडाला हात लावला नाही, जेवणाला भाकरी दोनच खाल्ल्या. पटाच्या दिवशी छकडीवर तो काडीसारखा माणूस बसला, आणि मी पल्ल्याच्या शेवटी निशाणापाशी जाऊन उभा राहिलो. इशारा झाला. धुरळा उठला. मला राहवलं नाही, मी माझी नेहमीची आरोळी दिली, आणि दोन्ही बैलांचे कान एकदम उभे राहिले. जोडी सरळ माझ्या रोखानं आली. नाकपुड्या फुललेल्या, डोळे मोठे, पाय जमिनीला लागतात की नाही कळत नव्हतं. बाजूची जोडी मागे पडली. आमची निशाण ओलांडून गेली, आणि दादा टोपी उडवत धावत आला तर मी डोळे पुसत होतो.

"काहून रडते बे? जिंकली ना!"

"तीन वर्सं हाकली," मी म्हणालो, "पण पयताना त्यायचं तोंड कधी पाह्यलंच नोतं."