माझी किडनी भावाकडे नांदली

धाकट्या भावाला मी माझी एक किडनी दिली, ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी. ऑपरेशन मुंबईत झालं. आम्ही दोघं मानवतला, माझ्या माहेरी, परतलो, तेव्हा लोकांनी भावाला पाहिलं आणि मला विसरूनच गेले. कारण भाऊ गुबगुबीत झाला होता. गाल टम्म, आणि भूक तर विचारूच नका. तव्यावरची पहिली भाकर त्याची, दुसरी त्याची, तिसरीवरही नजर त्याचीच. डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितलं होतं, म्हणून भेटायला आलेले लोक अंगणात कडुलिंबाखाली बसत आणि भाऊ ओट्यावरून गप्पा हाणी. जाताना जो तो आईला म्हणे, पोराच्या अंगी मुंबई लागली.

मुंबईचा काही संबंध नव्हता. दुसऱ्याचा अवयव आत आला की शरीर त्याला हाकलायला बघतं. तसं होऊ नये म्हणून भाऊ रोज दोन तऱ्हेच्या गोळ्या घ्यायचा, एक पिवळी आणि एक पांढरी. पांढरी स्टिरॉइडची, आणि ते गाल सगळे तिचेच. आईला समजावताना मी म्हणाले, घरात नवी सून आली की दारातलं कुत्रं भुंकतं ना, तसं समज. गोळ्या त्या कुत्र्याला गप्प बसवतात. आईनं कुत्रं सोडलं आणि सून तेवढी धरली. त्या दिवसापासून रोज सकाळी ती भावाला विचारायची, "नांदायलीय ना रे बरी?"

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पांढरी गोळी उतरवायला घेतली; पिवळी होती तेवढीच ठेवली. पांढरी फार दिवस जास्त घेतली तर हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, असं ते म्हणाले. पण कमी गोळीवर शरीर बिथरलं तर किडनीच जाईल, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि पुन्हा द्यायला माझ्याकडे किडनी नव्हती.

गोळी उतरली तसे गालही उतरले. आई हादरली. तिच्या लेखी माणूस वाळला म्हणजे दुखणं आलं. जुन्या हिशेबानंच गोळ्या दे, म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. ती हट्टी, मी तापट. रोज खटका उडायचा. भीती मलाही होती, पण ती दाखवली असती तर आईनं गोळ्यांची डबीच ताब्यात घेतली असती.

तेवढ्यात पूर्णा स्टेशनवरचा एक रेल्वे खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा कामगार, भेटायला आला; मुंबईच्या वॉर्डात तो तपासणीला आला होता तेव्हा ओळख झालेली. त्यालाही त्याच्या भावाची किडनी बसवलेली. साखर वाढली म्हणून त्याची पांढरी गोळी आमच्या आधीच कमी केली होती. दोघांनी बाजेवर आपापल्या गोळ्या मांडल्या आणि शेतकऱ्यांनी बियाणं पारखावं तशा पारखत बसले. आई त्याच्या काडीसारख्या हातांकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. त्याच्या ते ध्यानात आलं.

"मावशी, मी जल्माचाच असा हाय," तो म्हणाला. "गोळी कमी झाल्याला वरीस झालं. कालच ड्युटी करून आलो."

मग तो असा काही जेवला की आईचा निम्मा संशय तिथंच फिटला. तपासणीपर्यंत थांबते, म्हणाली.

आम्ही मुंबईला गेलो. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, किडनी झकास चालली होती. डॉक्टरांनी पांढरी गोळी आणखी उतरवली. मी व्हरांड्यात हसत हसत रडले. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

परतीला आई स्टेशनवर आली होती. तिनं भावाची हनुवटी धरली आणि बघतच राहिली. आधी दुखण्यानं सुजला आणि मग गोळीनं फुगला, त्यामुळे त्याचा खरा चेहरा आम्ही कैक दिवसांत पाहिलाच नव्हता. आता गालावरची खळी परत आली होती. रिपोर्टचं आईनं काही विचारलं नाही. ती खळी तिला पुरली.

संध्याकाळी चुलीपाशी भावानं सवयीनं ताट पुढं केलं. आईनं तव्यावरची पहिली भाकर उचलली आणि माझ्या ताटात टाकली.

"तू थांब," ती त्याला म्हणाली. "आधी देणारीला जेवू दे."

मला भूक नव्हती. तरी मी चार भाकरी खाल्ल्या.